माऊसचे जुने गेम मोबाईलवर बोटाने नीट खेळता येतात का?

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की कॉम्प्युटरवरचे माऊसचे जुने गेम मोबाईलवर घातले, पण कर्सर बोटाखाली झाकला जातो, राइट क्लिक कसं करायचं कळत नाही आणि एसटीत बसल्यावर भलतीकडेच क्लिक होतं. मी सांगलीत विश्रामबागला राहतो, कोल्हापूरला जाता-येता हेच गेम खेळतो. खेळता येतात, आणि मजेत खेळता येतात. फक्त गेम सुरू करण्याआधी टच मोड बदला. बहुतेक जण तो आहे तसाच ठेवतात आणि दोन दिवसांत गेम काढून टाकतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

टचचे मुख्य प्रकार दोन. डायरेक्ट मोडमध्ये बोट टेकवाल तिथे कर्सर उडी मारतो. टचपॅड मोडमध्ये सगळी स्क्रीन लॅपटॉपच्या टचपॅडसारखी वागते: बोट कुठेही टेकवून सरकवा, कर्सर आपल्या जागेवरून तेवढा सरकतो, आणि टॅप केलं की कर्सर असेल तिथे क्लिक होतं. तुम्हाला हवाय तो हा दुसरा.

कारण असं की माऊस क्लिक न करताही नुसता फिरवता येतो. बोटाला ते जमत नाही, टेकलं की स्पर्श झालाच. आणि जुने गेम तर या नुसत्या फिरवण्यावरच बेतलेले आहेत. 'बिनीथ अ स्टील स्काय' हा 1994 चा गेम घ्या. त्यात कर्सर एखाद्या वस्तूवर नेला की तिचं नाव उमटतं, स्क्रीनच्या वरच्या कडेला नेला की आपण गोळा केलेल्या वस्तूंची पट्टी उघडते. लेफ्ट क्लिकने वस्तू न्याहाळायची, राइट क्लिकने वापरायची. सुरुवातीलाच जिन्यातली एक सैल सळी काढून दार उचकटायचं असतं. डायरेक्ट मोडमध्ये ती सळी अंगठ्याखाली पार गडप होते. टचपॅड मोडमध्ये अंगठा खाली मोकळ्या जागेत फिरतो, कर्सर वर जिन्यावर हळूहळू सरकतो, नाव उमटलं की दोन बोटांनी टॅप, म्हणजेच राइट क्लिक, सळी हातात.

आकडा बघा म्हणजे पटेल. साडेसहा इंची लांबट मोबाईल आडवा धरला की स्क्रीनची उंची साधारण 68 मिलिमीटर भरते. जुन्या गेमचं चित्र पिक्सेलच्या 200 आडव्या ओळींचं असतं, ते त्यात बसवलं तर 10 पिक्सेलची वस्तू साडेतीन मिलिमीटरसुद्धा होत नाही. बोटाने दाबायचं बटण निदान 9 मिलिमीटरच्या आसपास असावं, असं अँड्रॉइडवाले स्वतःच सांगतात. म्हणजे नेम चुकतो तो काही तुमच्या हाताचा दोष नाही.

हे गेम 'स्कमव्हीएम' या जुने गेम चालवणाऱ्या अ‍ॅपवर चालवत असाल तर ऑप्शन्समध्ये टच मोड निवडता येतो, मेनूसाठी वेगळा आणि गेमसाठी वेगळा. एका बोटाचा टॅप म्हणजे लेफ्ट क्लिक, दोन बोटांचा राइट क्लिक, तीन बोटांचा मधलं बटण. काही ओढायचं असेल तर अर्धा सेकंद दाबून धरा आणि मग सरकवा. कर्सरचा वेग थोडा कमी ठेवा. खडबडीत रस्त्यावरच नाही, अगदी सरळ हायवेवरही बस हिसके देते, तेव्हा त्याचा फार उपयोग होतो.

आता मोबाईलचेच जेश्चर मध्ये येतात, याकडे कुणाचं लक्ष जात नाही. कडेवरून बोट आत आलं की फोन त्याला 'बॅक' समजतो. नेमकं लढाईच्या गेममध्ये नकाशा सरकवायला कडेलाच जावं लागतं. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन खालच्या तीन बटणांचं नेव्हिगेशन चालू करा. बऱ्याच फोनमध्ये तीन बोटं खाली ओढली की स्क्रीनशॉट निघतो, तेही बंद करा. आणि एप्रिल-मेमध्ये सांगलीच्या उन्हात हात घामेजतात, ओल्या बोटांनी टच वेडावाकडा चालतो. रुमाल जवळ असू द्या.

डायरेक्ट मोड वाईट आहे असं नाही. पत्ते, बुद्धिबळ, मोठ्या चौकोनांचे डावावर चालणारे गेम त्यातच छान चालतात. नेमबाजीच्या गेममध्ये मात्र तो वापरूच नका. तिथे गेम कर्सरची जागा बघत नाही, माऊस किती हलला तेवढंच बघतो. बोट उचलून दुसरीकडे टेकवलं की नजर गर्रकन फिरते.

घरचा पीसी चालू ठेवून वाय-फायवरून मोबाईलवर खेळायचं असेल तर 'मूनलाइट' अ‍ॅपमध्येही स्क्रीन ट्रॅकपॅडसारखी वापरायची सोय आहे. तीन बोटांनी टॅप केलं की कीबोर्ड येतो. 'स्टीम डेक' हा हातात धरून पीसी गेम खेळायचा कन्सोल घ्यायचा विचार असेल तर त्याला टचस्क्रीनशिवाय दोन्ही अंगठ्यांखाली वेगळे ट्रॅकपॅड आहेत, त्यामुळे माऊसच्या गेमसाठी मला तो साध्या कंट्रोलरपेक्षा कितीतरी बरा वाटतो. आणि नुसतं घरी बसून खेळायचं असेल तर ओटीजी अडॅप्टर (मोबाईलच्या चार्जिंगच्या जागी यूएसबी वस्तू जोडायचा छोटा जोड) घ्या आणि मोबाईलला सरळ माऊसच जोडा, अँड्रॉइडवर कर्सर लगेच दिसतो.

सवय करायला वर सांगितलेला 1994 चाच गेम घ्या. तो त्याच्या कंपनीनेच 2003 मध्ये फुकट केला आणि स्कमव्हीएमच्या वेबसाइटवर मिळतो. पहिलं दार उघडेपर्यंत हात बसलेला असेल. अडलात तर फोनचं मॉडेल आणि गेमचं नाव इथेच खाली लिहा, सेटिंग सांगतो.