चार वर्षांच्या मुलाचा मोबाइल कसा सोडवावा? मैदान नसेल तर काय खेळवावं?

मुलगा यूट्यूब लावल्याशिवाय घास घेत नाही, घराजवळ मैदान नाही, म्हणून कल्पनाशक्ती वाढवणारी खेळणी आणि एखादं शैक्षणिक ॲप सुचवा, असं तुम्ही विचारलंय. ॲप मी सुचवणार नाही.

मोबाइल किती वेळ चालेल, ते ठरलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगून ठेवलंय की या वयाला दिवसाला तासाभराच्या वर स्क्रीन नको, कमी तेवढं बरं. आणि तीन-चार वर्षांच्या लेकराने दिवसभरात मिळून तीन तास तरी हालचाल करावी, त्यातला तासभर चांगली दमछाक करणारी. आपले बालरोगतज्ज्ञही तासाचीच मर्यादा सांगतात. हे कुणाला माहीत नाही? तरी मोबाइल हातात दिला जातो, कारण मोठ्यांना शांतता पाहिजे असते. राग आला तर येऊ द्या.

पण "मैदान नाही" हे कारण मला पटत नाही. मी लातूरची. २०१६चा उन्हाळा आठवा. मांजरा धरण कोरडं पडलेलं, पाण्यावरून मारामाऱ्या नकोत म्हणून टाक्यांजवळ जमावबंदीचं १४४ कलम लावलेलं, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे सुरू झाली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, म्हणजे पाण्याचे डबे, पाच लाख लिटर. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. आमच्या गल्लीत मैदान नव्हतं, आजही नाही. शेजारचं बांधकाम पाण्याअभावी बंद पडलं होतं, तिथल्या उरलेल्या विटा होत्या. लेकरांनी त्या एकामागे एक लावून रेल्वे केली. आमची पायरी म्हणजे मिरज, पलीकडचा लिंब म्हणजे लातूर. मधे पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, उस्मानाबाद. हा क्रम मुलाने आजोबांच्या मागे लागून विचारून घेतला होता. मी शिकवला नव्हता.

गल्लीतली एक पोरगी कलेक्टर झाली होती. "पाच जण जमायचे नाहीत, चौघंच थांबा," म्हणून ती ओरडायची. लेकरं होती सहा, म्हणजे दोघांना रोज हाकललं जायचं. मग ते दोघं पाणीचोर. आणि पाणी कुठलं? सगळ्या बाटल्या रिकाम्या. खरं पाणी सांडलं असतं तर आईने फोडून काढलं असतं. तरी ती पोरगी रिकामा मग दोन्ही हातांनी धरून चालायची आणि कुणाचा धक्का लागला की "सांडलं ना!" म्हणून रडकुंडीला यायची. आमची मोठ्यांची टँकरवरची भांडणं त्यांनी जशीच्या तशी उचलली होती, शिव्यांसकट.

त्यातच औशाला घरचं लग्न होतं म्हणून जाऊबाई पुण्याहून आल्या. बरोबर पुतण्या, माझ्या मुलाच्याच वयाचा, आणि त्याचा टॅब. दोन दिवस तो कूलरसमोरून हलला नाही. तिसऱ्या दिवशी पोरांनी त्याला ओढून नेलं, टॅबसकट. तेव्हा लातुरात टीव्हीवाल्यांच्या गाड्या फिरायच्या, म्हणून त्याला कॅमेरावाला केलं. कलेक्टरीणबाई टॅबसमोर उभ्या राहून मुलाखत देत होत्या. माझ्या मते त्या टॅबचा तेवढाच एक चांगला उपयोग झाला. संध्याकाळी टॅब विटेवर आपटला, काचेला तडा गेला.

जाऊबाई सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "तुमच्या लेकराला खेळणी नाहीत म्हणून विटा घेऊन खेळतंय, त्यात आमच्या पोराला कशाला ओढता?" काचेचे पैसे आम्ही दिले, हेही सांगून ठेवते. त्यांचा मुलगा टॅबवर इंग्रजी कविता म्हणायला शिकला होता, ते त्यांनी लग्नात चार जणांना ऐकवलं. कविता तो छान म्हणायचा, नाही म्हणत नाही. पण टॅब बंद केला की "आता काय करू?" हे तो दर पाच मिनिटांनी विचारायचा.

उन्हात खेळून डोळे बिघडतात, हेही त्यांचंच. उलट आहे. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत रोज ४० मिनिटांचा बाहेरचा तास वाढवून पाहिला. तीन वर्षांत नव्याने लघुदृष्टी आलेली, म्हणजे लांबचं धूसर दिसू लागलेली मुलं ३०.४ टक्के, तो तास नसलेल्या शाळांत ३९.५. उजेडाचा परिणाम असावा. पुतण्याला चष्मा आहे म्हणून हे सांगत नाही, चष्मा माझ्या मुलालाही आहे.

तर तुमच्यासाठी एवढंच, की खेळणी विकत आणू नका. बॅटरीच्या गाडीचं फक्त बटण दाबता येतं. खोकी, जुनी चादर, डबे, दोरी द्या. गावाकडे गेलात तर कडब्याचं चिपाड आणि भेंड, म्हणजे ताटाची साल आणि आतला गाभा, द्या, आजोबांना बैलगाडी करून दाखवायला सांगा. समवयस्क दोन लेकरं गोळा करा, एकटं मूल फार वेळ खेळत नाही. आणि "असं नाही, तसं कर" म्हणत मधे जाऊ नका. आमच्याकडे हल्ली चौथीतल्या पोराला फाउंडेशनचा, म्हणजे पुढच्या प्रवेशपरीक्षांच्या तयारीचा, क्लास लावतात आणि मग तो मोबाइलच बघतो म्हणून रडतात. क्लासमधून साडेसातला सुटलेलं पोर काय विटी-दांडू खेळणार?

घासाचं म्हणाल तर मोबाइल बंद केल्यावर सुरुवातीला कमी खाईल, खाऊ द्या. सासूबाईंना आधी विश्वासात घ्या, नाहीतर त्या मागच्या खोलीत लावून देतील.

राहिलेलं सांगते. मे महिन्यात अकरा ते पाच बाहेर सोडू नका, आमच्याकडे पारा ४२च्या पुढे जातो. विटा-दगडांखाली विंचू असतात, आधी मोठ्या माणसाने हलवून बघायचं. रस्त्यावर वाहनं असतील तर गच्ची बरी, पण कठडा उंच हवा. परगावच्या आजीशी व्हिडिओ कॉल मी स्क्रीनमध्ये धरत नाही. आणि मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल किंवा चार वर्षांचं होऊनही दोन-तीन शब्द जोडून बोलत नसेल, तर मोबाइलला दोष देत बसू नका, आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.