ट्रॅव्हलरला ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकचा कंट्रोलर घरच्या घरी बसवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १२ व्होल्टची ट्रॅव्हलर व्हॅन आहे, मागे दोन आखांचा कॅम्पिंग ट्रेलर जोडायचाय, त्याच्या चारही चाकांना इलेक्ट्रिक ब्रेक आहेत. भावाने बाहेरून कंट्रोलर आणून दिला, त्यातून चार वायरी निघतात, आणि पुण्यात ज्याला दाखवावा तो "असलं काही आपण केलेलं नाही" म्हणून हात वर करतो. मग स्वतःच बसवू का?

बसवा. भोसरीत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे, त्या भरवशावर सांगतो. गाडीत अ‍ॅम्प्लिफायर बसवून त्याची वायर थेट बॅटरीपर्यंत ज्याने नीट नेली असेल, त्याला हेही जमेल. मात्र बहुतेक लोक तो डबा डॅशबोर्डला कुठे शोभेल यावरच डोकं लावतात. खरं काम आहे ते बॅटरीपासून ट्रेलरच्या शेवटच्या चाकापर्यंत जाणाऱ्या वायरीचं, आणि त्याहून जास्त परत येणाऱ्या वायरीचं, म्हणजे अर्थिंगचं.

हात लावण्याआधी कागदाचं बघा. मोटार वाहन कायदा १९८८ मधल्या 'मोटार वाहन' या व्याख्येत ट्रेलरही येतो, म्हणजे त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. कलम ५२ प्रमाणे गाडीत कंपनीच्या मूळ नोंदीबाहेरचे बदल चालत नाहीत, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच उचलून धरलं. ट्रॅव्हलरच्या पुस्तकात ओढण्याची क्षमता दिली आहे का ते पाहा आणि हूक बसवण्याबद्दल संगमपुलाजवळच्या आरटीओत, गाडी एमएच १४ ची असेल तर पिंपरी-चिंचवडच्या आरटीओत, आधी विचारून घ्या. कंट्रोलर कुणी अडवणार नाही, हूक अडवतील.

आता हा ब्रेक चालतो कसा ते समजून घ्या, म्हणजे पुढचं आपोआप कळेल. ट्रेलरच्या प्रत्येक ड्रममध्ये एक गोल मॅग्नेट एका दांडीवर बसवलेला असतो. करंट आला की तो फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट पत्र्याला चिकटायला बघतो, ड्रमबरोबर थोडा ओढला जातो, दांडी फिरते आणि दांडी लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे, बाहेर ढकलते. यात तेल नाही, पाइप नाही. करंट जितका, तितका ब्रेक. ड्रम फिरत नसेल तर दांडी ओढली जात नाही, म्हणून याला हँडब्रेक समजू नका. चढावर ट्रेलर उभा करायचा तर चाकाखाली दगड नाहीतर ठोकळा लावायचाच.

कंट्रोलर एवढंच करतो, की तुम्ही पेडल दाबलं की मॅग्नेटना किती करंट द्यायचा ते ठरवतो. साधे असतात ते टाइम-डिलेवाले: तुम्ही हळू दाबा की जोरात, ठरलेल्या गतीने करंट वाढवत नेतात. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये असला कंट्रोलर म्हणजे दर सिग्नलला पाठीत धक्का. दुसरे प्रपोर्शनल, गाडी किती जोरात मंदावतेय ते ओळखून तेवढाच करंट देणारे. तुमच्याकडचा कुठला आहे ते आधी बघा, कारण कुठे आणि कसा बसवायचा हे त्यावर ठरतं. आत पेंडुलम असेल तर तो समपातळीत आणि गाडीच्या दिशेला सरळ बसला पाहिजे, आणि उतारावर गाडीचं नाक खाली गेलं की तो थोडा जास्तच ब्रेक देतो. सेन्सरवाल्यांना तिरकं चालतं, किती तिरकं ते पुस्तिकेत असतं. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, गिअर डाव्या हाताला. म्हणून डबा स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, गिअरवरचा हात सहज पोचेल असा लावा. त्यावरची हाताने सरकवायची पट्टी अडचणीच्या वेळी न बघता सापडली पाहिजे, आणि शेजारी बसलेल्याचा गुडघा तिला लागता कामा नये.

आता चार वायरी. बहुतेक कंट्रोलरमध्ये काळी म्हणजे बॅटरीचा प्लस. आपल्या सवयीत काळी म्हणजे मायनस, त्यामुळे इथेच गडबड होते. पांढरी अर्थ, लाल ब्रेकलाइटच्या स्विचकडून येणारी, निळी ट्रेलरच्या ब्रेककडे जाणारी. काळी थेट बॅटरीवर न्यायची. फ्यूज बॉक्समधल्या मोकळ्या जागेतून किंवा म्युझिक सिस्टिमच्या वायरीतून सप्लाय उचलायचा नाही. बॅटरीच्या अगदी जवळ सर्किट ब्रेकर घाला, स्वतःहून रिसेट होणारा. दोन आखांना साधारण २० अँपिअरचा लावतात, तरी तुमच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम. पांढरीही बॅटरीच्या मायनसवरच न्या. डॅशबोर्डखालच्या कुठल्याही बोल्टला आवळून मोकळं होऊ नका.

वायरीच्या जाडीत काटकसर नको. एक मॅग्नेट १२ व्होल्टवर साधारण ३ अँपिअर घेतो, चार मिळून १२. बॅटरीपासून डॅशबोर्ड आणि तिथून मागच्या आखापर्यंत १० मीटर धरा, परतीचे १० मीटर वेगळे. १.५ स्क्वेअर एमएमच्या वायरीत या अंतरावर अडीच-तीन व्होल्ट वाटेतच खपतात. पेडलवर तुम्ही उभे राहिलात तरी मॅग्नेटपर्यंत नऊ-साडेनऊ पोचणार. तेच ६ स्क्वेअर एमएम घेतली तर पाऊण व्होल्टच्या आसपास पडतात. तपकीर गल्लीत मीटरवर चांगली कॉपर वायर मिळते, तिथेच लग, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक, आणि हीट श्रिंक स्लीव्हही घ्या. लग पक्कडीने दाबू नका, क्रिम्पिंगचं हत्यार कुणाकडून तरी मागून आणा. चिमट्यासारखे टोचून बसवायचे ते प्लास्टिकचे जोड तर घेऊच नका, एका पावसाळ्यात आतली तार हिरवी पडते.

लाल वायर हा सगळ्यात नाजूक भाग. ब्रेक पेडलच्या स्विचवर एका बाजूला कायम सप्लाय असतो, दुसरीवर पेडल दाबल्यावरच १२ व्होल्ट येतात. लाल जोडायची ती या दुसऱ्या बाजूला. मल्टिमीटर लावा, कुणाला तरी पेडल दाबायला बसवा, दाबलं की १२, सोडलं की शून्य, आणि हे चावी बंद ठेवून आणि चालू ठेवून दोन्ही वेळा बघा. जुन्या गाडीत इथे काम संपतं. बीएस ६ गाडीत तोच स्विच कंप्युटरलाही सिग्नल देतो. शिवाय काही कंट्रोलर हाताची पट्टी सरकवली की ब्रेकलाइट लागावेत म्हणून याच लाल वायरीवर उलटा करंट सोडतात. तो कंप्युटरकडे गेला की डॅशबोर्डवर दिवे लागले म्हणून समजा. अशा गाडीत पेडलच्या स्विचला हात न लावता मागच्या ब्रेकलाइटच्या वायरीतून सिग्नल घ्यावा आणि मध्ये रिले, म्हणजे एका वायरीच्या सिग्नलवर दुसरं सर्किट चालू-बंद करणारा स्विच, घालावा, असं माझं मत. आपल्या गाड्यांत इंडिकेटर आणि ब्रेकचा बल्ब वेगळा असतो, त्यामुळे इंडिकेटर लावला की कंट्रोलर जागा होईल ही भीती नाही. मागचे दिवे एलईडी असतील आणि गाडी मध्येच बारीक पल्स सोडून बल्ब तपासत असेल, तर कंट्रोलरचा डिस्प्ले लुकलुकतो. तेव्हाही रिलेच उपयोगी पडतो. एबीएसच्या वायरींना मात्र काही झालं तरी शिवायचं नाही.

मग येतो मागचा प्लग, आणि इथे एक खास घोळ आहे. गोल सात पिनी प्लग दिसायला सारखाच, पण युरोपच्या पद्धतीत पाच नंबरची पिन उजव्या टेललॅम्पची, ऑस्ट्रेलियाच्या पद्धतीत तीच पाच नंबर ट्रेलरच्या ब्रेकची. माझ्याकडे एका गिऱ्हाइकाचा ट्रेलर आला होता. दिवसा मस्त चालायचा, संध्याकाळ झाली की जड व्हायचा आणि ड्रम तापायचे. आधी दोघा-तिघांनी बेअरिंग बदलून दिली होती. व्हॅनकडचं सॉकेट एका पद्धतीने भरलेलं, ट्रेलरचा प्लग दुसऱ्या, त्यामुळे पार्किंग लाइट लावले की टेललॅम्पचा सप्लाय सरळ मॅग्नेटना जात होता. तेव्हा रंगावर किंवा पिनच्या नंबरावर विश्वास ठेवू नका. प्लग जोडण्याआधी व्हॅनच्या सॉकेटची एकेक पिन दिवे, इंडिकेटर, ब्रेक लावून मोजा. ट्रेलरच्या बाजूला ब्रेकची पिन आणि अर्थ यांत रेझिस्टन्स मोजा. एका मॅग्नेटचा साधारण तीन-चार ओहम येतो, चार समांतर जोडलेले असले की एकच्या आतबाहेर. खूप जास्त दाखवत असेल तर एखादा मॅग्नेट तुटलाय किंवा जोड ढिला आहे. शून्याला टेकत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे.

अर्थिंगबद्दल पुन्हा सांगतो, कारण "ब्रेक लागतात, पण कधी लागतात कधी नाही" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच निघतं. हुकाचा गोळा आणि कपलिंग यांच्यात ग्रीस असतं, गंज असतो, त्यामुळे तिथून अर्थ मिळेल या भरवशावर राहायचं नाही. पांढरी वायर निळीइतकीच जाड आणि प्लगमधून आलेली हवी. ट्रेलरच्या चॅसीला जिथे लग लावाल तिथला रंग खरवडून चकचकीत लोखंड काढा, लग आवळा आणि वरून रंग मारा.

सगळं जोडून झालं की गाडी जागेवर ठेवून कुणाला तरी पट्टी सरकवायला सांगा आणि ड्रमजवळ कान न्या, मॅग्नेटचा बारीक गुणगुण आवाज येतो. होकायंत्र असेल तर ड्रमजवळ धरा, सुई हलते. निळ्या वायरीवर डीसी क्लॅम्प मीटर लावून पूर्ण पट्टीला १२ अँपिअरच्या आसपास मिळाले की वायरिंग पास.

रस्त्यावरचं सेटिंग रविवारी सकाळी चाकण एमआयडीसीच्या आतल्या रिकाम्या रस्त्यावर करा. ट्रेलरमध्ये नेहमीचं सामान भरलेलं हवं. ताशी ४० च्या आसपास सरळ चालवताना व्हॅनच्या ब्रेकला पाय न लावता फक्त हाताची पट्टी पूर्ण सरकवा. ट्रेलरने व्हॅनला मागून धरून ठेवल्यासारखं वाटलं पाहिजे, पण चाकं घसटता कामा नयेत. घसटली तर गेन, म्हणजे कंट्रोलर जास्तीत जास्त किती करंट सोडेल ते सेटिंग, कमी करा, काहीच जाणवलं नाही तर वाढवा. लॉक होण्याच्या जरा अलीकडे थांबायचं. लायनर नवे असतील तर आधी पंधरा-वीस वेळा मध्यम ब्रेक मारून ते बसू द्या, मध्ये थंड होऊ द्या, मगच गेन ठरवा. रिकाम्या ट्रेलरला गेन वेगळा लागतो, पावसातही. तो एकदा ठरवून विसरायचा आकडा नाही.

घाटाचं वेगळं सांगायला हवं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार तुम्हाला माहीत असेलच. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे एका ट्रकने ४८ गाड्यांना धडक दिल्याच्या बातम्या होत्या. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे तिथे रोज दिसतात. कंट्रोलर आहे म्हणून तुम्ही ट्रेलरच्या ब्रेकवर उतरू नका. ड्रम तापले की मॅग्नेटला कितीही करंट द्या, लायनर पकडत नाही. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका, इंजिनला धरू द्या, ब्रेक थोड्या वेळापुरता मारा आणि सोडा. हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागला तर व्हॅनचा ब्रेक जोरात मारू नका. ॲक्सिलरेटर सोडा आणि पट्टी हलकेच सरकवून फक्त ट्रेलरला ब्रेक द्या, तो सरळ होतो. पण सामान मागच्या आखाच्या मागे भरलं असेल तर तो परत परत डुलणार, आणि त्यावर कंट्रोलर हा इलाज नाही. वजन आखांच्या थोडं पुढे राहील असं भरा.

शेवटची वस्तू बरेच जण टाळतात, तुम्ही टाळू नका: ब्रेकअवे स्विच. ट्रेलरवर स्वतःची छोटी १२ व्होल्टची बॅटरी आणि व्हॅनच्या चॅसीला अडकवलेली केबल. हूक निसटला की केबलने पिन खेचली जाते आणि ट्रेलरचे ब्रेक पूर्ण लागतात. अमेरिकेत ते निदान १५ मिनिटं टिकावेत असा नियम आहे. केबल हुकालाच अडकवू नका, हूक तुटला तर तीही सोबत जाईल. पिन काढून चाचणी घेताना व्हॅनचा प्लग आधी सोडा, नाहीतर ट्रेलरच्या बॅटरीचा करंट उलटा कंट्रोलरमध्ये शिरतो.

ट्रॅव्हलर बीएस ६ आहे की आधीची, आणि कंट्रोलर पेंडुलमचा की सेन्सरचा, एवढं कळवा. लाल वायरीला कुठला रिले लावायचा आणि त्याच्या पिना कशा जोडायच्या ते त्यावरून सांगतो.