“ओरडला की खोलीत नेतात, मग मुद्दाम ओरडणार नाही का?”

तिसरीतल्या एका स्वमग्न मुलाची आई भेटायला आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) “मॅडम, हा ओरडायला लागला की त्याला सेन्सरी रूममध्ये नेतात. अभ्यास बुडतो तो बुडतोच, वर लाड. उद्या मुद्दाम ओरडेल ना?”

सेन्सरी रूम म्हणजे आवाज, उजेड, गर्दी सोसेनाशी झाली की मुलाला शांत होता यावं म्हणून केलेली खोली. ही शंका बऱ्याच पालकांना असते.

मी दोन दिवस वर्गात मागच्या बाकावर बसले. मधल्या सुट्टीची घंटा झाली, डब्यांची झाकणं वाजायला लागली, की हा कानांवर तळवे गच्च दाबून बाकाखाली. हट्ट करणारं मूल कुणी बघतंय का याचा अंदाज घेतं, हवं ते मिळालं की थांबतं. हा कुणाकडे बघतच नव्हता. आवडता चिवडा पुढे केला, तरी रडं थांबेना. आवाज त्याला सोसतच नव्हता.

पण आईंचं एक म्हणणं खरं होतं. खोली त्याला ओरडल्यावरच मिळत होती. त्यात एक बाई धाक घालायच्या, “गप्प बस, नाहीतर त्या खोलीत पाठवीन.” फार वाईट वाटलं मला. जिची भीती घातली, त्या खोलीत मूल शांत कसं होणार?

ऑक्युपेशनल थेरपिस्टना, म्हणजे मुलांना रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञांना, विचारून आम्ही खोलीत न्यायची वेळच बदलली. घंटेच्या आधी तो वह्यांचा गठ्ठा ऑफिसात पोचवतो. जड उचललं की स्नायूंना, सांध्यांना दाब मिळतो, त्याने पुष्कळ मुलं स्थिरावतात. मग 10 मिनिटं खोलीत. दार उघडं, ताई सोबत.

1970 च्या दशकात नेदरलँड्समध्ये अशा खोल्या सुरू झाल्या, तेव्हापासून रंगीत दिवे आणि बुडबुड्यांचा नळा ही त्यांची ओळखच झालीय. आमच्या शाळेनेही तो हौसेने आणलेला. याला नकोसा होता, बंद केला. लुकलुकणारी ट्यूब बदलली. त्याला भावला राजम्याचा टब. कोपरापर्यंत हात खुपसून आत सावकाश बोटं हलवत बसतो.

आणि हे लाड नव्हेत. मुलाच्या गरजेनुसार सोय करून देणं 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने शाळेवर सोपवलंय, हेही आईंना सांगितलं.

स्नेहसंमेलनाच्या तालमींत पुन्हा रोज बाकाखाली जायला लागला होता. परवा मात्र खोलीच्या दारापर्यंत आला, आत डोकावला, “डबा” म्हणाला आणि वर्गाकडे वळला. आईंना फोन केला, तर त्यांनी दोनदा विचारलं, “स्वतःहून?”