मेसच्या डब्याला जोड

जळगावात मेस लावलीस ते ठीक, पण सकाळ रिकामी ठेवू नकोस. रात्री मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम शेंगदाणे भिजत घाल आणि सकाळी दोन केळ्यांसोबत खा. ७-८ ग्रॅम प्रथिनं तिथेच मिळतात. मटकी ८ तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून ओल्या फडक्यात सैल बांध. पाणी राहिलं की आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती बुळबुळीत होते, आंबूस वास मारते. मग सरळ फेकायची. मोडांना वाफ काढून लिंबू पीळ, लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा नको, तो तेच लोह अडवतो. शेवभाजी? रविवारी खा की, पण वरची तर्री बाजूला काढून. मेसवाल्या काकांकडे कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी मागून बघ. ज्वारीच्या प्रथिनांत जे कमी, ते उडीद भरून काढतो.