लॅब्रॅडॉर ओढतो म्हणून हेड कॉलर आणली, पण घातली की तो जमिनीवर लोळतो, काय करू?

तुमचा प्रश्न नीट वाचला. दोन वर्षांचा लॅब, जोरात ओढतो, आईंच्या खांद्याला हिसका बसला, मग कोणीतरी सांगितलं म्हणून हेड कॉलर आणली, आणल्या दिवशीच घालून बाहेर काढलं तर तो पंजाने नाक खाजवत, तोंड जमिनीला घासत लोळायला लागला. आता तुम्ही विचारताय की हे क्रूर आहे का, सोडून द्यावं का, की "होईल सवय" म्हणून तसंच ओढत न्यावं.

तसंच ओढत अजिबात नेऊ नका. आणि लगेच सोडूनही देऊ नका. सध्या ती कपाटात ठेवा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा, कारण जे झालं त्यात कुत्र्याचाही दोष नाही आणि वस्तूचाही नाही, फक्त ओळख व्हायच्या आधीच कामाला लावली गेली.

आधी ही वस्तू काम कशी करते ते सांगते, कारण ते कळलं की पुढचं बरंचसं आपोआप कळतं. घोड्याच्या तोंडावरच्या म्होरकीसारखाच हा प्रकार आहे, एक पट्टी मानेवर कानांच्या अगदी मागे आणि एक नाकावरून, आणि लीश अडकते हनुवटीखाली. गळ्यातल्या पट्ट्याला किंवा पाठीवर क्लिप असलेल्या हार्नेसला (छाती आणि पाठीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांना) कुत्रा छाती आणि खांद्यांच्या ताकदीने ओढतो, तीस किलोच्या लॅबची ती ताकद माणसाला झेपत नाही. हेड कॉलरमध्ये तो पुढे जोर लावायला गेला की लीश ताणली जाते आणि त्याचं तोंड बाजूला, तुमच्याकडे वळतं. तोंड वळलं की अंग वळतं, आणि मग ताकद लावायला जागाच उरत नाही. म्हणून हलक्या माणसालाही मोठा कुत्रा आवरता येतो. हे मुस्कं नाही, तोंड पूर्ण उघडतं, तो धापा टाकू शकतो, पाणी पिऊ शकतो, खाऊ घेऊ शकतो, आणि हो, चावायचं ठरवलं तर चावूही शकतो, त्यामुळे मुस्क्याच्या ऐवजी ही वापरू नका. रस्त्यात लोक "चावतो का हो" विचारतील, त्याची तयारी ठेवा.

पण यात एक गोष्ट लोक विसरतात. हेड कॉलर कुत्र्याला चालायला शिकवत नाही. ती फक्त ओढणं अवघड करते, आणि त्या मिळालेल्या उसंतीत शिकवायचं काम तुम्हालाच करावं लागतं. कुत्रा ओढतो कारण ओढण्याचा फायदा होतो, ओढलं की झाड जवळ येतं, वास मिळतो, दुसरा कुत्रा भेटतो, प्रत्येक पावलाला त्याला बक्षीस मिळत आलंय आणि तेही दोन वर्षं. शिवाय त्याची नैसर्गिक चाल आपल्यापेक्षा फास्ट असते. यात हट्टीपणा किंवा "डोक्यावर चढलाय" वगैरे काही नसतं.

आता सवय कशी लावायची. नाकाची पट्टी हातात गोल धरा, दुसऱ्या हाताने पट्टीच्या पलीकडून खाऊ दाखवा, त्याने स्वतःहून नाक आत घालून खाऊ घेतला पाहिजे. तुम्ही पट्टी त्याच्या तोंडाकडे न्यायची नाही, तोच येईल. घेतला की पट्टी बाजूला, पुन्हा धरा, पुन्हा खाऊ. हे एवढंच, दोनतीन मिनिटं, दिवसातून एकदोनदा. तुमच्या लॅबच्या डोक्यात आता वाईट आठवण आहे त्यामुळे सुरुवातीला तो पट्टी बघूनच मागे सरकेल, सरकू द्या, मग पट्टी नुसती जमिनीवर ठेवून तिच्याभोवती खाऊ टाका, तिथून सुरू करा. मानेची पट्टी वेगळी, नाकाशिवाय, घालून काढून बघा कारण कानामागे एवढ्या वर काही घट्ट असणं हेही त्याला नवीन आहे. मग दोन्ही एकत्र, काही सेकंद, त्या सेकंदांत खाऊ सतत चालू, पट्टी काढली की खाऊ बंद. हा भाग फार महत्त्वाचा, पट्टी अंगावर आहे तोवर चांगलं काहीतरी घडतंय हे त्याला कळलं पाहिजे. लॅब खाण्यासाठी काहीही करतात त्यामुळे तुमचं काम सोपं आहे, रोजचं जेवणही थोडं थोडं असंच देऊ शकता.

मग घरातल्या घरात लीश न लावता घालून फिरू द्या, खेळा, बोलवा. मग लीश लावून घरात. मग बाहेर शांत जागी पाच मिनिटं. काही कुत्र्यांना हे चार दिवसांत जमतं, काहींना दोनतीन आठवडे लागतात, घाई केली की परत मागे जावं लागतं. मधे त्याने पंजा मारला तर ओरडू नका, नाव घेऊन पुढे चालायला लावा किंवा नाकाजवळ खाऊ आणा, लक्ष दुसरीकडे गेलं आणि क्षणभर शांत झाला की काढा. पण खरंच घाबरून तडफडत असेल तर शांत व्हायची वाट बघत बसू नका, काढा, आणि पुढच्या वेळी दोन पायऱ्या मागून सुरू करा.

या काळात वॉक बंद ठेवायचा नाही, ते त्याच्यावर अन्याय होईल. तोवर छातीवर क्लिप असलेला हार्नेस वापरा, कमी वर्दळीच्या वेळी न्या, वास घ्यायला भरपूर वेळ द्या. आईंनी मात्र सध्या त्याला नेऊ नये.

फिटिंगबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण "आमच्या कुत्र्याला हेड कॉलर चालली नाही" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांकडे मी पट्टी बघितली तर ती चुकीच्या जागी होती. बाजारात मुख्य दोन प्रकार दिसतात. जेंटल लीडरसारख्या प्रकारात मानेची पट्टी घट्ट आणि नाकाची सैल असते. मानेची पट्टी एकदम वर, कवटी संपते तिथे, कानांना चिकटून, आणि पुढे गळ्याच्या घाटीच्या वर, खाली एक बोट जेमतेम जाईल इतकीच जागा. लोकांना ती घट्ट वाटते म्हणून ढिली करतात, मग सगळं खाली घसरतं, नाकाची पट्टी डोळ्यांपाशी हलत राहते आणि कुत्रा आणखी वैतागतो. नाकाची पट्टी उलट इतकी सैल हवी की नाकाच्या काळ्या ओलसर भागापर्यंत सरकेल पण पुढे निघून जाणार नाही. दुसरा प्रकार हल्टीसारखा, गालांवर पट्ट्या असतात आणि एक छोटी सेफ्टी क्लिप असते जी त्याच्या नेहमीच्या कॉलरला लावायची, ती लावायचा कंटाळा करू नका, पट्टी नाकावरून निसटली तर तीच कुत्र्याला वाचवते. काही प्रकारांत लीश मानेमागे लागते, त्यात तोंड बाजूला वळत नाही त्यामुळे मानेला पीळ कमी बसतो पण वळवायची ताकदही कमी मिळते. तुमच्याकडे कुठली आहे ते लिहिलं नाहीये.

आता हातांचं. माझ्या मते हेड कॉलरमधला खरा धोका इथे आहे. लीशला झटका द्यायचा नाही, कधीच नाही, "करेक्शन" म्हणून तर अजिबात नाही. गळ्यातल्या पट्ट्याला दिलेला झटकाही वाईटच, पण इथे तो सरळ डोकं आणि मानेच्या मणक्यांवर जातो. आणि तेवढाच वाईट दुसरा प्रकार म्हणजे कुत्र्याने सैल लीशवर धावत सुटून शेवटी खाडकन थांबणं, धावत्या शरीराचा सगळा वेग मानेवर येतो. म्हणून लांब दोरी नाही, बटणवाली मागेपुढे होणारी लीश तर हेड कॉलरवर लावायचीच नाही, चारसहा फुटांची साधी लीश घ्या. हातात ती नेहमी थोडी लोंबती हवी. समोर मांजर किंवा कुत्रा दिसला तर तो झेपावायच्या आधी लीश हळूच आखूड करा, स्वतः वळा, त्याला बरोबर वळवा, आणि त्याने तोंड तुमच्याकडे केलं त्याच क्षणी हात सैल सोडा. ताण सुटणं हीच त्याला मिळालेली शाबासकी, वर खाऊ द्या. सतत ताणून धरलं तर तो ताणाची सवय करून घेतो आणि काही आठवड्यांत हेड कॉलरलाही ओढायला शिकतो, अशी कुत्री मी बघितली आहेत.

तुमच्या लॅबसारख्या मोठ्या कुत्र्याला मी नेहमी दोन्ही टोकांना क्लिप असलेली लीश सुचवते. एक टोक हार्नेसला, एक हेड कॉलरला. रोजचं चालणं हार्नेसवर, हेड कॉलरचं टोक नुसतं लोंबतं, गरज पडली तरच हलकेच वापरायचं. यात झेप घेतली तरी जोर छातीवर जातो. आणि दुसरा फायदा असा की पुढे हेड कॉलर सोडवणं सोपं होतं. कारण कुत्र्यांना बरोबर कळतं की नाकावर पट्टी आहे की नाही, पट्टी असताना गुणी आणि काढली की पुन्हा इंजिन सुरू, ही तक्रार खूप जण करतात. त्यावर उपाय एवढाच की सैल लीशवर चालल्याचं बक्षीस पहिल्या दिवसापासून द्यायचं. तुमच्या पायाजवळ असताना खाऊ, ओढलं की तुम्ही थांबायचं, लीश सैल झाली की पुन्हा चालायचं, आणि बक्षीस दरवेळी खाऊच पाहिजे असं नाही, ज्या झाडाकडे जायचं होतं तिकडे सोडणं हे त्याच्यासाठी बिस्किटापेक्षा मोठं असतं. घरातल्या प्रत्येकाने हेच केलं पाहिजे, एकाने ओढू दिलं तर सगळ्यांची मेहनत जाते.

क्रूर आहे का, याचं उत्तर तुमच्या कुत्र्याच्या अंगावर वाचायचं. सवय झाल्यावर तो शेपटी नेहमीसारखी ठेवून चालतो, वास घेतो, तुमच्याकडे बघतो, तर ठीक आहे. पण शेपटी खाली, कान मागे, मान घालून निमूट चालतोय, वासही घेत नाही, तर लोक म्हणतात "बघा किती शांत झाला", आणि मला ते बघवत नाही, तो शांत झालेला नसतो, त्याने हात टेकलेले असतात. अशा कुत्र्याला ही वस्तू नको. आमच्याकडे काही काळ राहिलेली एक हाउंड मिक्स कुत्री अशीच होती, हळूहळू सवय करूनही ती कोमेजूनच चालायची, शेवटी तिला छातीवर क्लिपवाल्या हार्नेसवर शिकवलं आणि वेळ जास्त लागला पण ती आनंदाने चालायला लागली.

पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना ही घालूच नये, पट्टी बसत नाही आणि डोळ्यांवर येते. मानेचं किंवा मणक्याचं दुखणं, डोळ्यांचा काही आजार असेल तर आधी व्हेटला विचारा. पिल्लांना गरज नसते, त्यांना हार्नेसवर शिकवा. घरी आलं की लगेच काढायची, घालून एकटं ठेवायचं नाही, पट्टी चावून तोडतात किंवा कुठेतरी अडकते. नाकावरचे केस गेलेत का, कातडी लाल झाली का हे दर दोनतीन दिवसांनी बघा, विशेषतः पट्टी ओली झाली असेल तर.

चोक चेन किंवा काटेवाला पट्टा कोणी सुचवला तर घेऊ नका. त्यांचं काम दुखण्यावर चालतं, आणि दुसरा कुत्रा दिसला की गळा दुखतो एवढंच तो शिकला तर उद्या कुत्रे बघून गुरगुरायला लागेल.

आणि एक करा, पट्टी घालून थोडा वेळ शांत उभा राहिला की लीश न लावता बाजूने आणि समोरून एकेक फोटो काढून इथे टाका, तोंड बंद असताना एक आणि धापा टाकताना एक, कुठली पट्टी किती सरकवायची ते बघून सांगते.