वाचकांचे प्रश्न : विग चमकतो, डोळे मात्र अंधारात

प्रश्न : कपाळावर दाट निळी झुलपं असलेल्या अ‍ॅनिमेतल्या (जपानी अ‍ॅनिमेशनमधल्या) पात्राचा कॉस्प्ले, म्हणजे हुबेहूब वेश, केला होता. घरी आरशात सगळं छान दिसत होतं. अ‍ॅनिमे मेळाव्याच्या हॉलमध्ये मैत्रिणीने फोनवर काढलेल्या फोटोंत मात्र विग प्लॅस्टिकसारखा चमकतोय आणि डोळे काळे पडलेत. काही फोटोंवर आडवे पट्टेही आलेत. चूक मेकअपची की फोनची? (ऐरोली)

उत्तर : दोन्हींची नाही, उजेडाची. आरशासमोर उजेड समोरून येतो. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रासारख्या मोठ्या हॉलमध्ये दिवे उंच छताला असतात. विगचा माथा चमकतो आणि झुलपांची सावली थेट डोळ्यांवर पडते. म्हणून विग तयार करतानाच हा वरचा उजेड धरून चाला. रात्री घरात छताचा एकच दिवा ठेवून त्याखाली फोटो काढला की दोष तिथेच कळतात.

झुलपं विग डोक्यावर घालूनच कापा. कात्री उभी धरा, एका वेळी थोडेच केस घ्या. आडवी कात्री मारली की पडद्यासारखी सरळ कड येते आणि सावलीही सलग पडते. मग झुलपं कपाळापासून बोटभर पुढे धरून हेअरस्प्रे मारा आणि ड्रायरच्या गार हवेवर सुकवा. गरम हवा लावायचीच असेल तर धागा उष्णता सोसणारा आहे का ते पाकिटावर वाचा आणि आधी मानेजवळच्या आतल्या बटेवर करून पाहा. साधा सिंथेटिक धागा आकसून त्याची गुठळी होते, ती परत सुटत नाही. चमक घालवायला फिकट विगवर मोठ्या ब्रशने टाल्कम पावडर अगदी हलकी लावून झटका. गडद विगवर पावडर राखाडी दिसते. तिथे गडद रंगाचा ड्राय शाम्पू (पाण्याविना वापरायचा) घ्या.

फोटोच्या वेळी फोनचा फ्लॅश बंदच ठेवा. ए-थ्री आकाराचा पांढरा सनबोर्ड (फोमचा हलका, ताठ बोर्ड) कुणाला तरी तुमच्या छातीखाली, फ्रेमच्या बाहेर, चेहऱ्याकडे थोडा कलता धरायला सांगा. वरचा उजेड त्यावरून उसळून डोळ्यांत येतो. हे साधन स्वस्त आहे आणि आमच्या मते कॅमेऱ्याच्या महागड्या लेन्सआधी तेच घ्यावं. पूर्ण उंचीच्या फोटोला मात्र ते पुरत नाही. तेव्हा बाहेरचा उजेड येतो त्या दाराकडे तोंड करून, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट सोडून उभ्या राहा.

मैत्रिणीला जवळ येऊ देऊ नका. फोनचा नेहमीचा कॅमेरा वाइड असतो. हातभर अंतरावरून नाक मोठं आणि विग लहान दिसतो. दोन-अडीच मीटर मागे जाऊन 2एक्स किंवा 3एक्स झूम निवडावं आणि पूर्ण उंचीसाठी फोन कमरेच्या पातळीवर धरावा, नाहीतर पाय आखूड दिसतात. पोर्ट्रेट मोड विगची टोकदार टोकं खातो, म्हणून एक फोटो त्याशिवायही घ्या.

पट्टे येतात ते दिव्यांमुळे. आपली वीज 50 हर्ट्‌झची, त्यामुळे बरेच एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. फोनच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने बदलता येतं) शटर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, 1/100 सेकंद ठेवा, अंधार वाटला तर 1/50. वेगळा कॅमेरा असेल तर शटर 1/100, एफ 2.8 (लेन्स किती उघडी ते) आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 1600 पासून सुरुवात करा. एफ 1.8 वर एक डोळा स्पष्ट येतो आणि मेहनतीने बसवलेली झुलपं धूसर होतात.

प्रश्न : फोमचं चिलखत ठाण्याहून वाशीला नेईपर्यंत सांध्यांत उकललं, रंगालाही भेगा पडल्या. (कोपरी, ठाणे)

उत्तर : ग्लू गनने चिकटवलं असणार. तो गोंद उन्हात तापलेल्या गाडीत मऊ होतो. सांध्यांना फेविकॉल एसआरसारखं कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह हवं : दोन्ही कडांना पातळ थर, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत 10-15 मिनिटं थांबा, मग एकदाच नीट जुळवून दाबा. नंतर सरकवता येत नाही. खिडक्या उघड्या हव्यात, शेगडी जवळ नको. रंगाआधी हीट गन सगळीकडून सारखी फिरवा, म्हणजे फोमची छिद्रं बंद होतात. त्यावर पांढरा फेविकॉल निम्मं पाणी घालून चार-पाच हात द्या. पावसाळ्यात दोन हातांत एक दिवस जाऊ द्या. खालचा थर ओला राहिला की वर फुगे येतात. जिथे वाकतं, तिथे फोम सलग ठेवूच नका. दोन तुकडे करून टिचबटणांनी जोडा, म्हणजे लोकलमध्ये सुटे करून पिशवीतही मावतील. मेळावा रविवारी असेल तर ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर लोकल मार्गावर मेगाब्लॉक आहे का, हे आदल्या दिवशी पाहा.

प्रश्न : मुलगी चौदा वर्षांची आहे. तिथे अनोळखी लोक फोटो काढतात. काय सांगावं? (एक आई, घणसोली)

उत्तर : पोशाख घातला म्हणजे फोटोची परवानगी दिली असं होत नाही, हे तिला स्पष्ट सांगा. विचारून काढणाऱ्यालाही ती ‘नको’ म्हणू शकते, कारण न देता. पोझ बसवायला म्हणून कुणी हात लावत असेल तर तिथेच थांबवायचं आणि स्वयंसेवकाकडे जायचं. बाजूच्या कोपऱ्यात किंवा जिन्यात चल म्हणणाऱ्याबरोबर एकटीने जायचं नाही. बरोबर एक मोठं माणूस असावं आणि त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत पाणी, सेफ्टी पिना, दुतर्फी टेप आणि फेविक्विक असावं. विगखाली घाम साचतो, म्हणून तासाभराने तिला बसवून पाणी द्या.