अर्ध्या राहिलेल्या तीन गोधड्या

वेंगुर्ल्याकडच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय पन्नाशीच्या आसपास, रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीला जातात. आईला जाऊन दिवाळीत वर्ष झालं. शेवटची दोन वर्षं ती अंथरुणालाच होती. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत तीन गोधड्या निघाल्या, तिन्ही अपुऱ्या. एक पाऊण शिवलेली, सुई अजून तिच्यातच टोचलेली. दुसरी नुसती थर लावून कच्च्या दोऱ्याने टाचलेली. तिसरी म्हणजे टॉवेलात बांधलेलं जुन्या लुगड्यांचं गाठोडं. मुंबईची बहीण म्हणते, हात लावू नको, ‘आवशीच्या हाताचो वास जातलो.’ बायको म्हणते, देऊन टाकूया. वाडीतली जुनी माणसं म्हणतात, गेलेल्या माणसाचं अर्धं काम घरात ठेवू नये. पत्र लिहिणाऱ्यांना त्या पुऱ्या करायच्या आहेत, पण दोन गोष्टींची धास्ती आहे: ‘बापयमाणसान गोधडी शिवली तर लोक हसतले’, आणि आईसारखे टाके आपल्याला जमणार नाहीत, तिचं काम आपल्या हातून बिघडेल.

भाऊ, शिवा. लोक हसतील त्याचं आधी सांगते, कारण ते लवकर आटपतं. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की तुमच्याकडचे पुरुष पडवीत बसून जाळी सांधतात. वर्षानुवर्षं सुई-दोऱ्याचंच काम ते. नामदेव महाराज शिंप्याच्या घरचे, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. हसणारे दोन दिवस हसतील आणि तिसऱ्या दिवशी आपली फाटकी गोधडी तुमच्याकडे घेऊन येतील.

दुसरी भीती मोठी आहे. आज रात्री एक करा. घरात आईने पुरी केलेली जी गोधडी वापरात असेल ती उलटी करून दिव्याखाली धरा आणि धावदोऱ्याच्या ओळी नीट बघा. एका ओळीत टाके बारीक, जवळजवळ असतील. चार ओळी सोडून तेच टाके लांब झालेले दिसतील, किंवा जरा तिरके. कुठेतरी दोऱ्याचा रंगच बदललेला असेल. चैत्र-वैशाखात दुपारची कामं उरकली की शेजारणी मांगरात नाहीतर पडवीत गोळा होतात, गोधडी पसरतात आणि जिला जी बाजू मिळेल ती शिवत सुटतात. गप्पा चालू, मधेच कुणी उठून चहा टाकते, तिच्या जागी दुसरी बसते. तुमच्या आईच्या गोधड्यांत वाडीतल्या किती बायकांचे टाके असतील, आणि दुसऱ्यांच्या घरी तुमच्या आईचे किती. रापणीचं जाळं जसं एकट्याचं नसतं आणि ओढायलाही आख्खी वाडी लागते, तसंच हे. तुमचे टाके लांब आले, वाकडे आले, तर त्यात एका हाताची भर पडली. बिघडलं काही नाही.

पण तिघींना एकच नियम लावू नका. माझं मत तिघींबद्दल वेगवेगळं आहे.

पाऊण झालेली आहे ती तुमची. तिच्यातल्या सुईबद्दल तुम्ही लिहिलंय की ओढली तर हलत नाही. खाऱ्या हवेत इतकी वर्षं राहिली, गंजून कापडाला धरून बसली आहे. मागे ओढू नका, कापड फाटेल. बाहेर दिसतो तेवढा भाग बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासून घ्या, मग पकडीने टोकाकडून सरळ पुढे काढा, ज्या दिशेने आई काढणार होती त्याच दिशेने. दोऱ्याचं शेपूट उरेल ते कापू नका. नवा दोरा तिच्या शेवटच्या चार-पाच टाक्यांवरून घेऊन पुढे चला, म्हणजे तिची ओळ उसवणार नाही. गंजाचा डाग राहिला तर राहू द्या. लिंबू-मिठाने निघतो, पण जुन्या रंगीत कापडाचा रंगही त्याच्याबरोबर जातो.

दोरा सुतीच घ्या. तुमच्या हाताशी जाळ्याचा नायलॉन आहे आणि मजबूत म्हणून तोच वापरावासा वाटेल. नका वापरू. जुनं लुगडं धुऊन धुऊन विरलेलं असतं. त्यात नायलॉन घातला तर ताण आला की दोरा शाबूत राहतो आणि कापड टाक्याच्या रेषेवर कापलं जातं. गोधडीत तुटायचा तर दोरा तुटला पाहिजे, तो पुन्हा घालता येतो. आणि ओढून आवळू नका. जाळ्याच्या गाठीची सवय आहे तुमच्या हाताला, म्हणून मुद्दाम सांगते. दोरा कापडावर नुसता टेकला पाहिजे. अंगुस्तान वापरा, तीन-चार थरांतून सुई काढताना बोटाची चाळण होते.

वेळेचा पेच तुम्ही लिहिला नाहीत, पण तो येणार. पावसाळ्यात दर्या खवळून रापण थांबली की तुम्हाला सवड, आणि नेमकी तेव्हाच हवा ओली. ओलसर कापडाचे थर एकमेकांवर शिवले की आतल्या आत बुरशी धरते, मग कितीही ऊन दाखवा, तो कुबट वास जात नाही. तेव्हा धुणं आणि वाळवणं शिमगा झाल्यावर, ऊन कडक असताना उरकून घ्या. लाल दोरा आणि लाल काठ पाण्यात टाकण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. फडकं लाल झालं तर भिजवू नका, नुसतं दोन-तीन उन्हं दाखवा. पावसात फक्त टाके घाला, तेही चार दिवस उघाडीचे मिळाले तर. शिवून झालेली गोधडी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. ट्रंकेत ठेवायची तर तळाला जाडसर सुती कापड अंथरा, नाहीतर पत्र्याचा गंज लागतो. दोन-चार वेखंडाचे तुकडे टाका.

टाचून ठेवलेली दुसरी गोधडी एकट्याने करू नका. बहीण मे महिन्यात येत असेल ना? तेव्हा ती पडवीत पसरा आणि आईबरोबर बसणाऱ्या ज्या दोघी-तिघी वाडीत अजून आहेत त्यांना बोलवा. बहिणीच्या म्हणण्यात खरं आहे, धुतल्यावर वास जाईल. पण कोकणातल्या ट्रंकेत तो नाहीतरी दोन पावसाळ्यांच्या वर टिकत नाही. तिला लुगड्याचा एक तुकडा न धुता काढून द्या. आणि तिला शिवायला बसवा. मुंबईत राहून तिच्या वाट्याला आईचं आजारपण फोनवरूनच आलं, आता हाताने करण्यासारखं काही तिलाही मिळू दे.

तिसरं गाठोडं ही गोधडी नाहीच. त्याचं काय करायचं हे आईने ठरवलंच नव्हतं, मग ते पुरं करण्याचं ओझं तुम्ही कशाला घेता? सोडा आणि वाटून घ्या. भाचीचे दिवस भरत आलेत असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. तिला आवडणार असेल तर त्यातल्या मऊ लुगड्यांची दुपटी होतील. तान्ह्या बाळाच्या अंगाला जुन्या सुती कापडासारखं दुसरं काही नाही. नवं कापड टोचतं, हे धुऊन धुऊन मऊ पडलेलं असतं. तिची किंवा तिच्या सासरची ना असेल तर आग्रह धरू नका. गाठोड्यात नायलॉन, टेरिकॉट निघालं तर बाजूला काढा, ते सुती थरांत घसरतं आणि घाम टिपत नाही.

वाडीतल्या माणसांचं म्हणाल तर अर्धं ठेवू नये असं ते म्हणताहेत, आणि तुम्ही ते पुरंच करायला निघाला आहात. वर्षही होऊन गेलं. कुणाशी वाद घालायचं कारण नाही.

आता बायकोबद्दल. पूर्ण पत्रात त्यांच्या वाट्याला एकच ओळ आली आहे, ‘देऊन टाकूया म्हणते’. ती वाचून मी थांबले. आई दोन वर्षं अंथरुणाला होती तेव्हा तिचं अंथरूण-पांघरूण कोण धूत होतं, रात्री कोण उठत होतं? तुम्ही पहाटे दर्यावर जात होतात, म्हणजे बहुधा त्याच. ज्या बाईने ती धुणी दोन वर्षं काढली तिला त्या ट्रंकेकडे बघून काय आठवत असेल, हे तुमच्या-माझ्या अंदाजापेक्षा वेगळं असू शकतं. त्यांना गोधड्या नकोत की ती आठवण नको, हे विचारा. समजावायला जाऊ नका, नुसतं विचारा आणि ऐका. त्या म्हणाल्या की घरात नकोत, तर पाऊण झालेली तुमच्यापुरती ठेवा आणि दुसरी बहिणीकडे जाऊ द्या. पुऱ्या झाल्या तरी काचेच्या कपाटात जाऊ नयेत, एवढी माझी विनंती. पावसाच्या गार रात्री अंगावर घ्या, दुपारी जमिनीवर अंथरून आडवे व्हा. फाटल्या तर ठिगळ लावता येतं, ते काम तर तुम्हाला येतंच.

बहिणीला फोन मात्र ट्रंक उघडून धुणं काढण्याआधी करा. सगळं धुऊन वाळल्यावर तिला कळलं तर ती भांडेल, आणि तेव्हा बाजू तिचीच खरी असेल.